आठशे किलोमीटरची वाट आणि रोजची गोळी

लांबच्या पदयात्रेची तयारी करणारा माणूस पाठपिशवी भरताना ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब मांडतो. दोन सदरे पुरे की तीन, टॉवेल पातळ घ्यावा की जाड, बूट एक नंबर मोठे घ्यावेत का, यावर महिनोन् महिने खल चालतो. औषधांचे पाकीट मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री, उरलेल्या कोपऱ्यात सरकवले जाते. घरी ज्या गोळ्या चालू आहेत त्याच तितक्या दिवसांच्या मोजून घेतल्या की काम झाले, असा त्यामागचा समज असतो. हा समजच पुढे अडचणीत आणतो. कारण डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली ती सकाळी अर्धा तास फिरून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी. रोज पंचवीस किलोमीटर चालणारा माणूस हा औषधांच्या दृष्टीने निराळाच रुग्ण असतो.

उत्तर स्पेनमधील ‘कामिनो दे सान्तियागो’ ही अशा पदयात्रांमधील सर्वांत प्रसिद्ध वाट. तिची ‘फ्रेंच वाट’ म्हणून ओळखली जाणारी शाखा फ्रान्सच्या हद्दीतील सँ-झाँ-पिए-द-पोर या गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन अशी शहरे मागे टाकत सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपाशी संपते. अंतर सुमारे ७८० किलोमीटर. लागणारे दिवस साधारण तीस ते पस्तीस. १९९३ मध्ये युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०२४ या वर्षात सान्तियागोला पोहोचल्याची नोंद करणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात होती. त्यात निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे किंवा तो ओलांडलेले लोक मोठ्या संख्येने असतात; आणि या वयात रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांपैकी एखादी तरी गोळी सोबत असतेच.

पंढरीच्या वारीत दिंडीचा ट्रक सामान वाहतो, वाटेवर वैद्यकीय पथके तैनात असतात, शेजारी चालणाऱ्याची भाषा आपली असते. स्पेनच्या माळावर एकट्याने चालणाऱ्यापाशी यांपैकी काहीच नसते. म्हणूनच औषधांचे नियोजन घरून निघण्यापूर्वी व्हायला हवे.

बदलते शरीर, बदलणारी मात्रा

सलग चालण्याचा पहिला परिणाम रक्तातील साखरेवर होतो. काम करणारे स्नायू साखर शोषून घेतात आणि चाल थांबल्यानंतरही, कधी कधी पुढचे चोवीस तास, हा परिणाम टिकतो. दुपारी ठीक असलेली साखर त्यामुळे मध्यरात्री झोपेत खाली जाऊ शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका अल्प असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडच्या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांना मात्र तो खरोखरीचा असतो. कामिनोवरील दिनक्रम त्यात भर घालतो. यात्रेकरूंच्या ‘आल्बेर्गे’ या निवासांतून सकाळी आठच्या आत बाहेर पडावे लागते. उन्हाळ्यात तर लोक पहाटे सहालाच निघतात आणि न्याहारी पुढच्या गावातल्या बारमध्ये, पाच-सहा किलोमीटर चालून झाल्यावर करतात. घरच्या सवयीने सहाला गोळी घेतली आणि खाणे मात्र आठला झाले, तर मधले दोन तास साखर उतरत राहते. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोनच्या सुमारास आणि रात्रीचे आठ-नऊला होते. तेव्हा गोळीची वेळ घड्याळाला बांधायची की जेवणाला, हे प्रत्येक औषधाबाबत डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे.

रक्तदाबाचेही असेच. रोजच्या चालण्याने, घामाने आणि कमी झालेल्या वजनाने अनेकांचा रक्तदाब दोन आठवड्यांत उतरतो. मात्रा मात्र घरचीच असते. परिणामी पहाटे उठताना भोवळ येते. आल्बेर्गेमध्ये बहुतेक ठिकाणी दोन मजली पलंग असतात. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्या आणि रात्री लघवीला उठावे लागणाऱ्या माणसाने वरच्या पलंगावर झोपणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. खालचा पलंग आग्रहाने मागून घ्यावा. वैद्यकीय कारण सांगितल्यास तो सहसा मिळतो.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी आणखी एक पेच उभा राहतो. वाटेवर स्वच्छतागृह नाही म्हणून माणूस पाणी कमी पितो आणि गोळी तर पाणी बाहेर टाकतच असते. बुर्गोस ते लेओन दरम्यानच्या ‘मेसेता’ या विस्तीर्ण पठारावर सावली दुर्मिळ आहे. कारिऑन दे लोस कोन्देसपासून पुढे तर सुमारे सतरा किलोमीटर एकही गाव लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा तिशीच्या बराच वर जातो. अशा टप्प्यावर या गोळीची वेळ बदलता येईल का, मात्रा कमी करता येईल का, हा प्रश्न निघण्यापूर्वीच विचारायला हवा.

हृदयाची गती मंद ठेवणारी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी चढावरही फारशी वाढत नाही. पहिल्याच दिवशी पिरेनीजची सुमारे साडेबाराशे मीटरची चढाई आहे. मनगटावरच्या घड्याळातील आकडा कमी दिसतो म्हणून दमछाकीकडे दुर्लक्ष करणे चुकीचे ठरेल. शिवाय साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि कंप ही लक्षणे ही औषधे झाकून टाकतात. घाम मात्र येतो. तोच इशारा समजावा.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांच्या बाबतीत स्नायूंचे दुखणे चालण्याचे की गोळीचे, हे ओळखणे कठीण जाते. विश्रांतीनंतरही न ओसरणारी वेदना, कमालीचा अशक्तपणा आणि चहासारखी गडद लघवी दिसली, तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

खरा धोका वेदनाशामकाचा

रोजच्या औषधांहून अधिक घात करते ते वाटेत सहज घेतलेले औषध. पाय, गुडघे, टाचा दुखणार हे गृहीतच असते. आल्बेर्गेच्या जेवणाच्या टेबलावर आयबुप्रोफेनच्या गोळ्या बिस्किटांसारख्या हातोहात फिरतात. स्पेनमध्ये चारशे मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. सहाशेच्या गोळीला चिठ्ठी लागते. मात्र टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल यांसारखे रक्तदाबाचे औषध, त्यासोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, हे त्रिकूट मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. शरीरातील पाणी कमी झाले असेल तर धोका कितीतरी वाढतो. भारतात रक्तदाबाच्या एकाच गोळीत पहिली दोन औषधे एकत्र असणे अगदी सामान्य आहे. त्यामुळे आपण या त्रिकुटातील दोन घटक रोज घेत आहोत, याची कित्येकांना कल्पनाच नसते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना वेदनाशामकांमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो, तो वेगळाच. या सर्वांसाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल हा तुलनेने सुरक्षित पर्याय. आणि त्याहून चांगला उपाय म्हणजे एक दिवसाची विश्रांती.

स्पेनमध्ये ‘नोलोतिल’ या नावाने ओळखले जाणारे मेटामिझोल हे वेदनाशामक डॉक्टरांकडून बऱ्याचदा लिहून दिले जाते. जुन्या वाचकांना ते ‘ॲनाल्जिन’ या नावाने आठवत असेल. भारतात २०१३ मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली आणि २०१४ मध्ये काही अटींसह ती उठवण्यात आली. क्वचित प्रसंगी हे औषध रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करते. म्हणूनच ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवता येणार नाही अशा, तात्पुरत्या मुक्कामाच्या लोकांना ते देऊ नये, अशी सूचना स्पेनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिली. रोज गाव बदलणारा यात्रेकरू याच वर्गात मोडतो. डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण चालत आहोत आणि उद्या इथे नसू, हे सांगणे म्हणूनच आवश्यक.

आपल्याकडच्या प्रवासी औषधांच्या डबीत जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनयुक्त गोळ्या हटकून असतात. या वर्गातील प्रतिजैविकांमुळे स्नायूबंधांना, विशेषतः टाचेच्या मागील जाड बंधाला, इजा होऊ शकते. साठी उलटलेल्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या लोकांना हा धोका अधिक. २०१८ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी त्यांच्या वापरावर निर्बंध सुचवले. ज्याचा सारा प्रवास टाचांवर अवलंबून आहे, त्याने ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. जुलाबासाठी दुसरे कोणते औषध चालेल, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि जलसंजीवनीची पाकिटे मात्र अवश्य बाळगावीत.

उलट्या-जुलाबांच्या दिवशी

निरोगी दिवशी शरीराला राखणारी काही औषधे शरीर कोरडे पडले की उलटू शकतात. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील मधुमेहाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि वर उल्लेखिलेली रक्तदाबाची काही औषधे यांचा त्यात समावेश होतो. जोराच्या उलट्या-जुलाबांत यांपैकी काही औषधे तात्पुरती थांबवून खाणेपिणे पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू करण्याचा सल्ला डॉक्टर देतात. इन्सुलिनचे तसे नाही. मात्रा बदलावी लागली तरी ते परस्पर बंद करणे धोक्याचे. आपल्या बाबतीत कोणते औषध थांबवायचे, कोणते कधीही थांबवायचे नाही आणि किती तासांनी रुग्णालय गाठायचे, याची अर्ध्या पानाची सूचना डॉक्टरांकडून लिहून घेऊन पारपत्रासोबत ठेवावी. अनोळखी गावात, अंगात ताप असताना, हे अर्धे पान मोलाचे ठरते.

याच्या उलट चूक म्हणजे बरे वाटते म्हणून औषध सोडणे. तिसऱ्या आठवड्यात चाल लागते, झोप गाढ येते, साखर-रक्तदाबाचे आकडे सुधारतात आणि ‘चालणे हेच औषध’ असे वाटू लागते. पण हृदयात स्टेंट बसवल्यानंतरच्या गोळ्या, फेफऱ्यावरील औषधे, स्टेरॉइड, हृदयगती मंद ठेवणाऱ्या गोळ्या, नैराश्यावरील औषधे ही एकाएकी थांबवण्याची नव्हेत. जोडीदाराच्या निधनानंतर किंवा आयुष्यातील एखाद्या मोठ्या वळणावर या वाटेला लागणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी नैराश्यावरील गोळी अर्ध्या वाटेत टाकून देण्याचा मोह विशेष जोखमीचा. सुधारलेले आकडे वहीत लिहावेत, डॉक्टरांना कळवावेत आणि मात्रा त्यांनीच कमी करावी.

किती न्यावे, कसे न्यावे

औषधांचा साठा पूर्ण प्रवासाचा आणि वर किमान एका आठवड्याचा असावा. तो गोळ्यांच्या मूळ पट्टीतच न्यावा. आपल्याकडे औषधविक्रेता मोजून पट्टी कापून देतो, तेव्हा औषधाचे नाव किंवा मुदत त्या कापलेल्या भागावर राहून जाते. प्रवासासाठी पूर्ण पट्ट्या आणि बिल मागून घ्यावे. वारांची खाने असलेली डबी रोजच्या वापराला उपयुक्त. पण सगळा साठा त्यात ओतून तपासणीला सामोरे जाणे शहाणपणाचे नाही.

विमानात सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. सामानाच्या कक्षात इन्सुलिन गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निरुपयोगी असते. चाल सुरू झाल्यावर साठ्याचे दोन भाग करावेत: एक कमरेच्या पाकिटात, दुसरा पाठपिशवीत. कामिनोवर पाठपिशवी पुढच्या मुक्कामी गाडीने पाठवण्याची सोय आहे आणि अनेक ज्येष्ठ तिचा लाभ घेतात. त्या पिशवीत औषधे कधीही ठेवू नयेत. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी आणि दम्याचा पंप हे तर खिशातच हवेत.

वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत तीस अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. प्रवास पस्तीस दिवसांचा असेल तर हे गणित आधीच मांडावे लागते. मेसेताच्या उन्हासाठी पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, त्याच बाष्पीभवनाच्या तत्त्वावर त्या चालतात आणि त्यांना बर्फ लागत नाही. आल्बेर्गेतील सामाईक फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवल्यास पहाटे निघताना ते विसरू नये म्हणून एक जुना उपाय करावा: बुटांत चिठ्ठी ठेवावी.

वेळेच्या फरकाची फार धास्ती नको. उन्हाळ्यात स्पेन भारताच्या साडेतीन तास मागे असतो, हिवाळ्यात साडेचार. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या पहिल्या दिवसापासून तिथल्या वेळेनुसार घेता येतात. इन्सुलिन, फेफऱ्यावरील औषधे आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचे वेळापत्रक तेवढे विचारून घ्यावे. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये.

कागदपत्रे आणि कायदा

डॉक्टरांच्या अधिकृत कागदावर, इंग्रजीत, टंकलिखित आणि सहीशिक्क्याचे पत्र हवे. त्यात आजारांची नावे, औषधांची मूळ नावे, मात्रा आणि वेळा असाव्यात. व्यापारी नावांचा परदेशात उपयोग नाही. भारतात घरोघरी माहीत असलेले नाव स्पेनमधील औषधविक्रेत्याने ऐकलेलेही नसते; ‘मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम’ म्हटले की तो लगेच ओळखतो. दोन-तीन औषधांच्या एकत्रित गोळ्यांतील प्रत्येक घटक वेगळा लिहून घ्यावा, कारण तेच मिश्रण तिथे मिळेलच असे नाही. पत्राचे छायाचित्र मोबाइलमध्ये आणि घरच्या एका व्यक्तीकडेही असावे.

झोपेच्या, चिंतेवरील आणि तीव्र वेदनेवरील काही औषधे कायद्याने नियंत्रित आहेत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, कोडीन, ट्रॅमाडॉल ही त्यांची उदाहरणे. ट्रॅमाडॉल तर भारतातही २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. अशी औषधे नेताना कोणता दाखला लागतो, हे संबंधित वाणिज्य दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावे. वाट फ्रान्समध्ये सुरू होऊन स्पेनमध्ये संपते, हेही ध्यानात ठेवावे.

शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमाछत्र बंधनकारक आहे. पण केवळ व्हिसापुरत्या घेतलेल्या विम्यात आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च वगळलेला किंवा मर्यादित असू शकतो. मधुमेह आहे हे लपवून घेतलेला विमा गरजेच्या वेळी कागदच ठरतो.

वाटेत औषध हरवले तर

हिरव्या क्रॉसची पाटी असलेले ‘फार्मासिया’ मोठ्या गावांत हमखास भेटते. लहान दुकाने दुपारी दोन-तीन तास आणि रविवारी बंद असतात. तेव्हा कोणते दुकान पाळीवर उघडे आहे याची सूचना दारावर लावलेली असते. युरोपीय संघातील देशांत लिहिलेल्या चिठ्ठ्या परस्परांकडे मान्य करण्याची व्यवस्था आहे. भारतातील चिठ्ठीला ती लागू नाही. म्हणून औषध हरवल्यास थेट दुकानात वाद घालण्यापेक्षा ‘सेन्त्रो दे सालूद’ या स्थानिक आरोग्य केंद्रात किंवा खासगी डॉक्टरांकडे पत्र दाखवून नवी चिठ्ठी घ्यावी. साठा संपत आला असेल तर पाम्प्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन, पोन्फेरादा या शहरांतच सोय करावी. पुढच्या खेड्याची वाट पाहू नये. भारतातून टपालाने औषधे मागवण्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. ती सीमाशुल्क तपासणीत अडकून पडू शकतात. तातडीच्या मदतीचा क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात ११२ हा आहे.

घराजवळची रंगीत तालीम

या साऱ्याची परीक्षा घराजवळच घेता येते. निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांना भेटावे आणि त्यानंतर सलग दोन दिवस, भरलेल्या पिशवीसह, पंधरा-वीस किलोमीटर चालावे. साखर चालण्यापूर्वी, मध्ये, नंतर आणि झोपताना तपासावी. रक्तदाब सकाळ-संध्याकाळ मोजावा. मिळालेले आकडे घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. ‘परदेशी जातोय, गोळ्या लिहून द्या’ या विनंतीपेक्षा ‘रोज सात तास चालणार आहे, चालल्यावर माझी साखर इतकी उतरते’ हे वाक्य डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

मधुमेह असलेल्यांनी रोज संध्याकाळी दोन्ही तळपाय उजेडात पाहण्याची सवयही याच काळात लावून घ्यावी. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही आणि साधा फोड चिघळून प्रवास तिथेच थांबू शकतो.

सान्तियागोचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी शेवटचे शंभर किलोमीटर पायी चालणे पुरते. त्यामुळे तब्येतीने कौल दिला नाही तर मधला एखादा टप्पा बसने ओलांडण्यात कमीपणा नाही. कुठे थांबायचे हे ज्याने घरूनच ठरवून, लिहून आणले आहे, त्याला वाटेत भीती कमी वाटते. आणि औषधांचे पाकीट ज्याने पिशवीत सर्वांत आधी भरले, त्याला उरलेल्या वाटेवर डोंगर, माळ आणि सोबतची माणसे यांच्याकडे निवांत पाहायला वेळ मिळतो.